फिल्म कॅमेरा घ्यायचाच असेल तर

जून २०२४मध्ये रिको कंपनीने पेंटॅक्स १७ हा कॅमेरा बाजारात आणला. तो फिल्मचा कॅमेरा आहे. मोठ्या जपानी कंपन्यांनी असा कॅमेरा नव्याने आखणे केव्हाच सोडून दिले होते. इतके, की रोल पुढे सरकवणाऱ्या खटक्याची यंत्रणा समजून घ्यायला या कंपनीच्या तरुण अभियंत्यांना निवृत्त सहकाऱ्यांना गाठावे लागले. हा कॅमेरा ३५ मिमी फिल्मवरच्या नेहमीच्या २४ बाय ३६ मिमी चौकटीचे दोन भाग करतो आणि उभे फोटो काढतो. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर. उभेच का, याचे कारण कंपनीने लपवलेले नाही: लोकांना मोबाइलमुळे उभ्या फोटोंची सवय झाली आहे. अर्ध्या चौकटीमागे रोलची महागाई आहे, हे तर उघडच आहे.

म्हणजे फिल्म कॅमेऱ्याचा ताजा नमुनासुद्धा मोबाइलच्या पडद्याकडे बघून बेतला गेला. फिल्म की डिजिटल हा वाद मला म्हणूनच शिळा वाटतो. आज फिल्मवर काढलेला जवळजवळ प्रत्येक फोटो स्कॅन होतो आणि पडद्यावरच पाहिला जातो. डार्करूममध्ये कागदावर छापणारे लोक आहेत, पण थोडे. असे असताना कोणी विचारतो, ‘फिल्म कॅमेरा घ्यायचा आहे, कोणता घेऊ?’ तेव्हा त्याला उत्तरादाखल नावांची यादी मिळते. निकॉन घे, लायका घे, अमुक लेन्सची मजा काही औरच. माझे म्हणणे असे, की यादीने काम भागत नाही. आज फिल्म कॅमेरा घेणारा माणूस एक आख्खी साखळी विकत घेत असतो. तिच्यात दुरुस्ती करणारा येतो, रोल विकणारा येतो, रोल धुणारी लॅब येते, स्कॅनर येतो आणि हवामानही येते. कॅमेरा ही त्या साखळीतली, खरे सांगायचे तर, सर्वांत कमी महत्त्वाची कडी आहे.

डिजिटल कॅमेऱ्याने आपल्याला पैसे बॉडीत घालायची सवय लावली. ते बरोबरही होते, कारण प्रतिमा टिपणारा सेन्सर बॉडीतच कायमचा बसवलेला असतो. सेन्सर चांगला हवा असेल तर कॅमेरा नवा घ्यावा लागतो. फिल्म कॅमेऱ्यात मात्र प्रतिमा टिपणारी वस्तू आपण दर छत्तीस फोटोंनंतर काढून नवी घालतो. १९७६ ते १९९७ या काळात बनलेला पेंटॅक्स के१००० आणि लायकाने २०२२मध्ये पुन्हा काढलेला एम६, या दोघांत कोडॅकची ट्राय-एक्स घातली तर प्रकाश ज्या थरावर पडतो तो थर दोन्हीकडे एकच. पहिला जुन्या बाजारात काही हजारांत मिळतो, दुसरा नवा घ्यायचा तर काही लाख मोजावे लागतात. दोघांचे काम तेच: आत उजेड शिरू द्यायचा नाही, फिल्म सपाट धरायची, शटर सांगितल्या वेळेइतके उघडायचे आणि लेन्स ठरल्या अंतरावर ठेवायची.

लायकाचे चाहते यावर रागावतील आणि त्यांचे सगळेच खोटे नाही. स्वच्छ व्ह्यूफाइंडर, आवाज न करणारे शटर, हातात बसणारी बॉडी यांना मोल आहेच. पण हे मोल फोटो काढणाऱ्याच्या सुखाचे आहे, निगेटिव्हला त्याचा पत्ता लागत नाही. शटरच्या अचूकपणाचीही काळजी उगाच वाढवून सांगितली जाते. चाळीस वर्षांच्या शटरचा १/१००० प्रत्यक्षात १/७०० भरला तर फरक जेमतेम अर्ध्या स्टॉपचा. रंगीत किंवा कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म एवढा जादा उजेड सहज पचवते. एक्टाक्रोमसारख्या स्लाइड फिल्मला मात्र ही चूक चालत नाही. तेव्हा स्लाइडवर काम करणाऱ्याने शटर तपासून घ्यावे. बाकीच्यांनी ती चिंता सोडावी.

बॉडीबाबत विचारण्यासारखा खरा प्रश्न एकच: बिघडली तर ती दुरुस्त होईल का? या प्रश्नावर बाजारातले भाव पार उलटेपालटे ठरतात. क्योसेरा कंपनीचा काँटॅक्स टी२ घ्या. टायटॅनियमचे अंग, झाइसची ३८ मिमी सोनार लेन्स, खिशात मावणारा १९९०च्या दशकातला कॅमेरा. नामवंत लोकांच्या गळ्यात तो दिसू लागला आणि त्याचे भाव आकाशाला भिडले. फोटो सुरेख काढतो, यात वाद नाही. पण त्याचे फोकस, शटर, फिल्म ओढणारी मोटर, सगळे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालते आणि क्योसेराने काँटॅक्सचा धंदा २००५मध्येच आवरता घेतला. सर्किट गेले की सुटा भाग मिळवायचा एकच मार्ग, दुसरा मेलेला टी२. लाखाच्या घरातला कॅमेरा एका बारीकशा पट्टीपायी कायमचा गप्प होऊ शकतो. अशा वस्तूला मी कॅमेरा म्हणून कोणाला सुचवणार नाही, दागिना म्हणून हौस असेल तर गोष्ट वेगळी.

याच्या उलट यांत्रिक बॉडी. निकॉन एफएम२ १९८२चा. त्याचे शटर १/४००० पर्यंत जाते आणि त्याला बॅटरी लागत नाही, बॅटरी लागते ती फक्त मीटरला. के१०००चेही तसेच. त्याच्या मीटरला तर बंद करायचे बटणही नाही. लेन्सवर झाकण घातले की मीटर झोपते, झाकण विसरले की बॅटरी संपते. ऑलिंपस ओएम-१ हे १९७२ सालचे फार देखणे यंत्र. त्याच्या मीटरसाठी १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे. पारा विषारी म्हणून त्या बॅटऱ्या बाजारातून गेल्या. आजची त्याच आकाराची अल्कलाइन बॅटरी १.५ व्होल्टची असते आणि वापरात तिचा दाब उतरत जातो, म्हणून मीटर चुकीचे सांगते. लोक श्रवणयंत्राची १.४ व्होल्टची झिंक-एअर बॅटरी घालून काम भागवतात. काही दुरुस्तीवाले मीटरच १.५ व्होल्टला जुळवून देतात. ज्याला यातले काही नको त्याने मोबाइलमधले मीटरचे ॲप वापरावे. डिजिटल युगाची फिल्मवाल्यांना ही छोटीशी, पण रोजच्या उपयोगाची भेट आहे.

दुरुस्तीवाले हा शब्द आला, तो मुद्दाम. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकाने आणि दुरुस्तीची टेबले वर्षानुवर्षे मांडलेली आहेत. अशा ठिकाणी बसणारा कारागीर शटरचा पडदा काढून बसवतो, आरशाखालचा कुजून चिकट झालेला स्पंज खरवडून नवा लावतो, लेन्सच्या पाकळ्यांवर उतरलेले तेल पुसतो. कंपनीचे सेवा केंद्र या कामाला हात लावत नाही, त्यांच्याकडे माणूसही नाही आणि भागही नाहीत. या कारागिरांची पुढची पिढी या धंद्यात फारशी आलेली नाही. म्हणून पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात राहणाऱ्याने कॅमेरा निवडण्याआधी एवढे पाहावे, की आपल्या पोहोचीतल्या माणसाचा हात कोणत्या बनावटीवर बसलेला आहे. तो म्हणाला की निकॉन मी डोळे मिटून उघडतो, तर निकॉन घ्यावा. जालावरच्या समीक्षकापेक्षा त्याचा शब्द मोठा मानावा.

आता पावसाळा. परदेशी लेखांत कॅमेऱ्याच्या निवडीवर पाने भरून लिहिलेले असते, पण बुरशीला एखादे वाक्य मिळते, कारण लिहिणाऱ्याच्या गावात जूनमध्ये भिंतींना ओल येत नाही. आपल्याकडे मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात चार महिने हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर रेंगाळते आणि बुरशीला तेवढे पुरते. ती लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. वेळेत उघडून पुसली तर निघते, उशीर झाला तर तिच्यातून सुटणारे आम्ल काचेवरचा थर खाते आणि ती खूण जात नाही. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात जपून ठेवलेल्या कॅमेऱ्याला बुरशी लवकर लागते, कारण चामडे ओल धरते. म्हणून रत्नागिरीच्या घरातून निघालेल्या ‘एकदम नव्यासारख्या’ लेन्सपेक्षा सोलापूरच्या कोरड्या हवेत रोज वापरून झिजलेली लेन्स मी आधी उचलीन. घेताना लेन्सच्या मागून टॉर्च मारून पाहावे. घेतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी, ऐपत असेल तर चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता राखणारे कोरडे कपाट घ्यावे. त्या कपाटाचा खर्च दुसऱ्या लेन्सच्या खर्चाआधी करावा.

साखळीचा हा विचार नवा नाही. आपल्याकडे तर तो शंभर वर्षांहून जुना आहे. १९१२च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, हे शाळेच्या पुस्तकातही असते. त्याबरोबर त्यांनी फिल्मच्या कडेला भोके पाडायचे यंत्र घेतले, फिल्म धुण्याछापण्याची सामग्री घेतली, कच्च्या फिल्मची सोय लावली, हे तितकेसे सांगितले जात नाही. कच्ची फिल्म तेव्हा भोके न पाडता येई. भोके नसतील तर ती कॅमेऱ्यात सरकणारच नाही. घरी परतल्यावर ती भोके अंधारात बसून पाडली सरस्वतीबाईंनी, रसायनेही त्याच कालवत. पैसा उभा करण्यासाठी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून छोटी फिल्म केली आणि ती दाखवून पैसे मिळवले. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो या सगळ्या जुळणीवर. नुसता कॅमेरा आणला असता तर तो दादरच्या घरात पेटीत पडून राहिला असता.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर याच्याही पुढची मजल मारली. आयात कॅमेरा परवडत नाही म्हणून त्यांनी कोल्हापुरातच लेथवर भाग कातून स्वतःचा कॅमेरा तयार केला. १९१८च्या सुमारास तो पुरा झाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२०मध्ये आला. घरच्या घरी कॅमेरा करावा असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी कॅमेऱ्यातला प्रत्येक दाता स्वतः कातला त्यांना तो कोणत्या कंपनीचा, याचे कौतुक नव्हते. आपल्याला ते जरा जास्तच आहे.

आता लेन्स. पैसे कुठे तरी घालायचेच असतील तर ते इथे, असे मी म्हणेन, पण एका अटीवर. ती अट समजण्यासाठी फिल्म आणि सेन्सर यांच्यातला एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आजच्या अनेक डिजिटल लेन्स स्वतःचे दोष झाकायला सॉफ्टवेअरवर अवलंबून असतात. वाकलेल्या रेषा, काळवंडलेले कोपरे कॅमेरा फाइल तयार करतानाच सरळ आणि उजळ करून टाकतो. फिल्मवर दोष काढायला मध्ये कोणी नसते. लेन्स जशी आहे तशी निगेटिव्हवर उमटते. उलट सेन्सरवर काचेचे जाड आवरण असते, आणि कोपऱ्यात फार तिरपे येणारे किरण त्याला नीट झेपत नाहीत. फिल्मला तिरप्या किरणांचे वावडे नाही. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या जुन्या, छोट्या वाइड लेन्स, ज्यांची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते, त्या फिल्मवर कोपऱ्यापर्यंत स्वच्छ दिसतात आणि बऱ्याच डिजिटल बॉडींवर कोपऱ्यात मळकट होतात. ‘फिल्मवर वेगळे दिसते’ असे लोक म्हणतात त्यात निदान एवढी तरी भौतिकशास्त्राची बाजू आहे.

माउंटचे मात्र नीट पाहावे लागते, कारण इथे चूक झाली तर यंत्राला इजा होते. निकॉनचा एफ माउंट १९५९पासून तोच, असे अभिमानाने सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९७७मध्ये निकॉनने एआय नावाची नवी जोडणी आणली. त्याआधीची, बदल न केलेली लेन्स एफएम२वर जोर लावून बसवली तर तिच्या रिंगची कड बॉडीवरच्या खटक्याला जाऊन भिडते. अगदी नव्या, ॲपर्चर रिंग नसलेल्या ‘जी’ लेन्स बसतात, पण सर्वांत लहान ॲपर्चरवर अडकून राहतात. कॅननने १९८७मध्ये ईओएस आणताना जुना एफडी माउंट सोडूनच दिला, म्हणून डिजिटल कॅननवाल्याच्या लेन्स कॅननच्याच जुन्या एई-१वर चढत नाहीत. आणि मिररलेस कॅमेऱ्याची लेन्स जुन्या एसएलआरवर कशीच बसणार नाही. निकॉन एफमध्ये माउंटपासून फिल्मचे अंतर ४६.५ मिमी, सोनी ई माउंटमध्ये सेन्सरचे अवघे १८. मधले अंतर भरून काढता येते, कमी करता येत नाही.

याच गणिताने जुन्या लेन्सना दुसरा जन्म दिला. २००८मध्ये पॅनासोनिकचा पहिला मिररलेस कॅमेरा आला आणि एक रिकामी धातूची कडी मध्ये घालून जवळपास कोणतीही जुनी लेन्स डिजिटलवर लावता येऊ लागली. अनाथ झालेल्या एफडी लेन्सना गिऱ्हाइके मिळाली. जुन्या लेन्सचे भाव वाढले त्याचे निम्मे खापर यावर फोडता येईल. ज्याला फक्त जुन्या काचेची तऱ्हा आवडते, धुण्याबिण्याची दगदग नको, त्याने हाच मार्ग धरावा. फिल्म कॅमेरा घेऊच नये. हा सल्ला ऐकून फिल्मची दीक्षा घेतलेले मित्र नाराज होतात, पण त्याला इलाज नाही.

‘तऱ्हा’ म्हटले तेही जरा तपासून घेऊ. सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्याबरोबर येणारी हेलिओस ४४ ही ५८ मिमी लेन्स झाइसच्या बिओटारच्या आराखड्यावर बेतलेली. मोकळ्या ॲपर्चरला तिच्या पार्श्वभूमीतली पाने गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. पहिल्या दहा फोटोंत गंमत वाटते, पुढे प्रत्येक माणसाच्या मागे तोच भोवरा बघून कंटाळा येतो. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४च्या काही आवृत्त्यांत थोरियम असलेली काच वापरली होती, ती काळाने चहासारखी पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवली की बरीच निवळते. कृष्णधवल फिल्मवर मात्र तो पिवळेपणा हलक्या पिवळ्या फिल्टरचे काम करतो आणि आकाश थोडे गडद येते, म्हणून मी ती निवळवायची घाई करणार नाही. पण अशा खासियतींपायी पैसे ओतू नयेत. बहुतेक फोटो एफ/५.६ किंवा एफ/८वर काढले जातात, आणि तिथे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या ५० मिमी लेन्समधला फरक ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्या सगळ्यांचा वंश एकच, पाउल रुडोल्फ यांनी १८९६मध्ये झाइससाठी आखलेल्या प्लानारचा. कंपनीगणिक वेगळे असतात ते काचेवरचे थर. एफ/१.८ची साधी ५० मिमी, बुरशी नसलेली, पाकळ्या कोरड्या असलेली, एवढे पुरेसे आहे.

आणि ती अट? लेन्सचा बारकावा शेवटपर्यंत पोहोचला पाहिजे. इथेच साखळीतली सर्वांत कच्ची कडी येते. रोल धुऊन झाला की लॅब तो फुजी फ्रंटियर किंवा नोरित्सूच्या स्कॅनरवर टाकते. ही यंत्रे फोटोच्या दुकानांत रोजच्या प्रिंटसाठी बसवलेली, त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे, आणि नेहमीच्या दरात मिळणारी फाइल अनेकदा तीन हजार बाय दोन हजार पिक्सेलच्या आसपास असते. निगेटिव्हचे रंग उलटवायचे, उजळपणा ठरवायचा, सावल्या किती उघडायच्या, हे यंत्र आणि ते चालवणारा मुलगा ठरवतो. ‘पोर्ट्रा फिल्मचा रंग’ किंवा ‘झाइसचा रंग’ म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात तो पुष्कळदा फ्रंटियरचा रंग असतो. दुसऱ्या लॅबला तीच निगेटिव्ह द्या, वेगळा फोटो हातात येईल. म्हणून दुसरी लेन्स घेण्यापूर्वी त्या पैशांत स्वतःची स्कॅनची सोय करावी: डिजिटल कॅमेरा, एक जुनी मॅक्रो लेन्स, खाली पांढरा स्थिर उजेड. धुळीसाठी स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांची जी युक्ती असते ती नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण चांदीचे कण तो किरण अडवतात. तिथे ब्रश आणि सबुरी, दुसरा उपाय नाही.

रोलबाबत एकच सावधगिरी सांगतो. सिनेमाची फिल्म तुकडे करून डब्यांत भरून विकली जाते, ती स्वस्त पडते आणि रंगही चांगले देते. पण अशा फिल्मच्या पाठीवर काजळीचा थर असला तर ती रंगीत निगेटिव्ह धुणाऱ्या नेहमीच्या सी-४१ लॅबमध्ये देऊ नये. तो थर सुटून लॅबचे सगळे रसायन नासवतो, तुमच्याबरोबर इतरांचेही रोल जातात. लॅबवाल्याला आधी विचारावे. गावात लॅब नसेल तर कृष्णधवलपासून सुरुवात करावी. ती घरच्या न्हाणीघरात धुता येते.

फिल्मच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद म्हणजे ती आपल्याला थांबायला, विचार करायला लावते. मला तो फारसा पटत नाही. होमाई व्यारावाला दिल्लीत वृत्तछायाचित्रे काढत तेव्हा त्यांच्याजवळ स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स असत. स्पीड ग्राफिकमध्ये एका होल्डरला दोनच शीट, रोलिफ्लेक्सच्या रोलवर बाराच फोटो. त्या सावकाश काम करत नव्हत्या, धावपळीत करत होत्या, आणि स्वातंत्र्याच्या वेळच्या सत्तांतराचे आपल्याला आठवणारे कितीतरी क्षण त्या धावपळीतच टिपले गेले. त्यांना फिल्मने सबुरी शिकवली असे म्हणणे म्हणजे त्यांच्या कसबाचे श्रेय डब्याला देणे. आज जो थबकण्याचा अनुभव येतो त्यामागे किंमत आहे. रोल, धुलाई, स्कॅन मिळून दीड हजार गेले की प्रत्येक फोटो चाळीस रुपयांवर पडतो, आणि चाळीस रुपये कोणालाही क्षणभर थांबवतात. एवढ्याचसाठी फिल्म हवी असेल तर डिजिटल कॅमेऱ्यात छोटे कार्ड घालून मागचा पडदा बंद करावा.

मग फिल्म घ्यायची कशासाठी? मला एकच कारण टिकाऊ वाटते, ते म्हणजे निगेटिव्ह. हातात धरता येणारी, उजेडासमोर धरून पाहता येणारी, कोणत्याही सॉफ्टवेअरवाचून वाचता येणारी वस्तू. पण तिच्या अमरत्वाच्या कथा आपल्या हवामानात सांगू नयेत. जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातली कितीतरी जुनी रिळे जळाली. आजची फिल्म तशी पेट घेत नाही, पण ॲसिटेटची फिल्म दमट उष्ण जागी ठेवली की आंबट वास सोडत आकसते. आणि फिल्म बनवणारेही अमर नसतात. उटीला १९६०मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ नावाने फिल्म काढत असे. बडोद्यात बनलेल्या आग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्यांनी घराघरांत फोटो पोहोचवले. आज हिंदुस्थान फोटो फिल्म्स बंद आहे, आणि देशातला फिल्मवाला प्रत्येक रोलसाठी परदेशी कारखान्यांच्या मर्जीवर आहे. निगेटिव्ह हवी असेल तर तिला आम्लरहित पाकिटे, कोरडी जागा आणि पाकिटांवर तारीख-ठिकाण लिहिण्याची शिस्त द्यावी लागते. ही शिस्त नसलेल्याने फिल्म घेतली तर त्याच्याकडे शेवटी उरते ती लॅबने पाठवलेली फाइल, आणि तशी फाइल मोबाइलने फुकट दिली असती.

तरीही ज्याला घ्यायचाच आहे त्याने आधी घरातले कपाट उघडावे. याशिका एमएफ-२, कोडॅकचा केबी-१०, असे काही ना काही बहुतेक घरांत निघते. त्यात एक रोल घालावा आणि धुणे, स्कॅन, निगेटिव्ह जपणे हा सगळा फेरा एकदा पुरा करून पाहावा. त्यानंतरही हौस टिकली तर यांत्रिक बॉडी आणि एक ५० मिमी लेन्स घ्यावी, आणि उरलेले पैसे रोलसाठी राखावेत. दुकानदाराने कॅमेरा ‘चेक केलेला आहे’ असे सांगितले तरी त्याच्या समोर एक स्वस्त कृष्णधवल रोल घालून सगळे शटर वेग आणि सगळी ॲपर्चर वापरून पाहा, आणि तो रोल धुऊन आल्यावरच पैसे द्या. तो कबूल होत नसेल तर पुढच्या दुकानात जा.